नवरदेवाच्या मुठीतला चाकू

डोणगावात पुंजाजीकडे बैल मागावा, गाडी मागावी, मिरचीची रोपं मागावीत. माणूस नाही म्हणायचा नाही. चाकू मात्र मागू नये. मागितलाच तर तो विचारी, "काय कापाचं हाय? आण इकडे, मी कापून देतो." आणि खरंच कापून देई. ऊस सोलायचा असो, दावं तोडायचं असो, कुणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला असो, पुंजाजी वांग्याच्या वाफ्यातलं पाणी तसंच सोडून यायचा, काम उरकायचा, पातं धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि परत जायचा. चाकू दुसऱ्याच्या हातात ठेवायचं तेवढं त्याला जमत नसे.

चाकू तसा साधाच, घडीचा. मिटला तर मुठीत दिसायचाही नाही. लोणारच्या एका लोहाराकडून त्यानं तो समोर बसून करून घेतला होता. पातं जुन्या कानशीचं, आतली कमान मोडक्या करवतीच्या पात्याची, मूठ सांबरशिंगाची. लोहार बिचारा कंटाळून गेला होता म्हणतात. तीनदा त्यानं चाकू पुढ्यात ठेवला आणि तिन्ही वेळा पुंजाजीनं तो कानाशी धरून मिटला आणि मान हलवली. चौथ्यांदा जो 'टक्' आवाज आला तो त्याला पटला. तेव्हापासून चाकू बंडीच्या आतल्या खिशात, आणि त्याची दोरी करदोड्याला. अंबूबाई, त्याची बायको, शेजारणींना सांगायची, "माही सवत खिशात राह्यते बाई. मले निदान तिचा सैपाक त करा लागत नाही."

दुसऱ्याच्या चाकूचंही त्याला तितकंच वेड. मिरच्या घेऊन खामगावच्या बाजाराला गेला की बैल सुटायच्या आधी हा लोखंडी सामानाच्या दुकानांपुढे उभा. कुणी नवा चाकू घेतला की तो पुंजाजीला दाखवायला आणायचा, जशी काही सोयरीक जमवायची आहे. पुंजाजी तो हातातून हातात घेत नसे. चाकू हातोहात दिला-घेतला की भांडण होतं, म्हणून आधी भुईवर ठेवायचा, मग उचलायचा. पातं उजेडाकडे धरून कमानीत फट दिसते का बघायचा, बोटानं हलवून डुलतं का बघायचा, मिटायचा आणि ऐकायचा. वाईट कधी बोलला नाही. चाकू मनाला आला नाही तर मिटलेलाच भुईवर ठेवायचा. आला तर पुन्हा एकदा उघडायचा. एवढ्यावर माणूस ओळखून घ्यायचा आणि तोंड पाडून घरी जायचा, नाहीतर मिशीला पीळ देत.

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा त्या दिवसांत पुंजाजीच्या भाच्याचं, शालिग्रामचं, लग्न निघालं. मुलगी बीबीची, महादेवरावांची रुख्मिणी. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं देवाधर्माची. शालिग्रामची आई मनकर्णाबाई ही पुंजाजीची धाकटी बहीण, गावातच दिलेली. तिच्या वाट्याला काय आलं ते गावानं पाहिलं होतं. दोन पोरं पाळण्यातच गेली, नवरा तापाच्या साथीत गेला, उरला हा एकटा. त्याला तिनं कसा वाढवला ते विचारू नये. पोरगं शिंकलं तरी ती मीठमोहऱ्या उतरवायची.

आता आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. हळदीच्या अंगाला बाहेरचं लवकर लागतं, म्हणून हळद उतरेपर्यंत लोखंड हातातून सोडायचं नाही. डोणगावात कट्यार एकच, किसनराव पाटलांकडची. गावातला प्रत्येक नवरदेव तीच घेऊन जायचा. पण यंदा त्याच तिथीला पाटलांच्याच घरचं लग्न निघालं आणि कट्यार अडकली.

मनकर्णाबाई भावाकडे आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, तुहा चाकू दे."

पुंजाजीचा हात खिशावर गेला. भाच्यासाठी जीव मागितला असता तर त्यानं हो म्हणून टाकलं असतं, विचार मागाहून केला असता. पण लिंबू! लिंबाचा रस आणि कानशीचं पोलाद यांचं काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आधी पातं निळं पडतं, मग काळं, मग बारीक खड्डे पडतात, आणि रस एकदा पातं फिरतं त्या खिळ्यात उतरला की चाकू कुरकुरायला लागतो. जन्मभर त्यानं या चाकूनं कैरीसुद्धा कापली नव्हती.

"लिंबाच्या जागी सुपारी खोचली त नाही चालत?" त्यानं विचारलं.

मनकर्णाबाईनं पदर सावरला आणि ती उठायला लागली. मग पुंजाजीलाच लाज वाटली. "बरं बरं," तो म्हणाला, "घेऊन जा."

"मी नाही घेऊन जात. मले मांडवात कोण उभं करते? तू मामा हायेस, तू संग जा. हळद लागल्यापासून पोराच्या हातातलं लोखंड सुटू देऊ नको. अन् हा घडीचा हाय, म्हणून सांगते, मिटू देऊ नको. मिटलं लोखंड काही राखत नाही. माह्या गळ्याची आण हाय तुले."

पुंजाजीनं आण घेतली. घेताना ती फार सोपी वाटली.

हळद लागली. पुंजाजीनं चाकू उघडून पाटावर ठेवला, शालिग्रामनं उचलला, बायकांनी टोकाला लिंबू खोचलं. लिंबू आत जाताना पुंजाजीनं तोंड फिरवलं. पहाटे गाड्या जुंपल्या. नवरदेवाच्या गाडीत शालिग्राम, त्याचा चुलता उत्तमराव कासऱ्याला, आणि पुंजाजी चाकूकडे तोंड करून. सडकेचा प्रत्येक खड्डा त्याच्या काळजातून जात होता. पातं पोराच्या बोटावर मिटलं तर? मुठीतून निसटून चाकाखाली गेलं तर? उत्तमराव मागे वळून म्हणाला, "पुंजाजी, पोराकडे पाह्यतोस का चाकूकडे?" पुंजाजी म्हणाला, "दोन्हीकडे." ते खरं नव्हतं.

मेहकरला पैनगंगेच्या काठी आमराईत गाड्या सोडल्या. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. भाकरी खाऊन सगळी सावलीला आडवी झाली. शालिग्राम गाडीतच झोपला, चाकूचा हात छातीवर. पुंजाजी जागा. आणि जागा होता म्हणूनच त्याला ते दिसलं. हिसक्यांनी लिंबाचं भोक मोठं झालं होतं आणि रसाचा एक ओघळ पात्यावरून हळूहळू खाली खिळ्याकडे निघाला होता.

त्यानं दुसरीकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं, नदीतल्या डोहाकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं. ओघळ खिळ्यापाशी येऊन थांबला आणि आत शिरला. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं, पण पुंजाजीला ते बघवेना. पोराची मूठ झोपेत सैल पडली होती. एकदाच पुसू, त्यानं मनाशी म्हटलं, चाकू पोराच्या मांडीला लागून ठेवू, म्हणजे सुटला असं होत नाही. माणूस चुकायला निघाला की स्वतःशी किती गोड बोलतो! त्यानं चाकू अलगद काढला, लिंबू उपसलं, पातं सोग्याला पुसलं. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला होता, त्यातलं एरंडीचं तेल बोटावर घेऊन खिळ्याला चोळलं. तेल आत जावं म्हणून पातं थोडं हलवलं. आणि मग, इतकी वर्षं दिवसातून दहादा जे हात करत आले तेच हातांनी केलं.

टक्.

पुंजाजी दगडासारखा बसला. मग घाईघाईनं पातं उघडलं आणि लिंबू शोधलं, तर ते घरंगळून धुळीत गेलेलं. उचलून पुसलं, खोचलं, तर जुन्या भोकात बसेना. शेवटी फिरवून दुसऱ्या बाजूनं खोचलं आणि चाकू पोराच्या मुठीत सरकवला. शालिग्रामनं झोपेतच मूठ आवळली. कुणी पाहिलं नव्हतं. बैल तेवढे रवंथ करत होते.

गाड्या पुन्हा चालू लागल्या. पुंजाजी स्वतःला समजावत होता. पापणी लवते न लवते तेवढ्यात काय होणार आहे? भर दुपारचं, इतक्या माणसांत? सुलतानपूर मागं पडलं तेव्हा त्याचा जीव जरा भांड्यात पडला होता. आणि तेवढ्यात शालिग्राम म्हणाला, "मामा, कसंतरी होऊन राह्यलं."

पुंजाजीनं त्याच्याकडे पाहिलं. हळदीच्या खाली चेहरा पांढरा पडला होता. पोरगं गाडीच्या कडेला झुकलं आणि खाल्लेलं सगळं ओकलं. चाकूचा हात मात्र त्यानं वर धरला होता, आईनं सांगितलं होतं ना.

"ऊन लागलं लेका," उत्तमराव म्हणाला. पण त्यानं मागच्या गाड्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पटकी त नसन, पुंजाजी? गावात शिरू नाही देणार आपल्याले."

पटकी! पुंजाजीला पटकीची भीती वाटली असती तर बरं झालं असतं. त्याला ठाऊक होतं काय झालं ते. पैनगंगेच्या काठी, भर दुपारच्या सुन्या वेळेला, त्यानं पोराच्या हातातलं लोखंड काढून घेतलं आणि वरून मिटलं. बहिणीच्या गळ्याची आण! पाळण्यात गेलेली दोन पोरं त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्या दोघांनाही त्यानंच दुपट्यात गुंडाळून मळ्याच्या बांधाशी नेलं होतं. आता तिसरा त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि पुंजाजी ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होता.

सांगावं का? उत्तमरावाला सांगितलं तर तो गाडी परत फिरवील. हळद लागलेला नवरदेव वाटेतून परतला तर त्या पोरीशी पुन्हा कोण लग्न करील, आणि या पोराला पुन्हा कोण मुलगी देईल? न सांगावं, तर हे पोरगं मांडवात कोसळलं तर? त्यानं लोणारच्या कमळजादेवीला हात जोडले. नारळाचा नवस बोलला. पोरगं पुन्हा ओकलं. साडीचोळी बोलला. आणखी काय बोलायचं ते त्याला स्वच्छ कळत होतं. देवी काय मागते आहे तेही कळत होतं. चाकू वाहीन, एवढे दोनच शब्द. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द निघाला नाही. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात कधी आली नव्हती.

बीबीच्या वेशीपाशी मारुतीच्या देवळात नवरदेव उतरवला. उत्तमरावानं कुठून तरी कांदा आणि ताक पैदा केलं आणि पोराला थोडी हुशारी आली. महादेवराव माणसं घेऊन सामोरे आले. नवरदेवाचं तोंड पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तब्येत बरी नाही काय?"

"उन्हानं," शालिग्राम म्हणाला. पोरगं आईसारखंच कमी बोलायचं.

ओवाळायला नवरीची आत्या पुढे आली, अन्नपूर्णाबाई. गावातल्या सगळ्या लग्नांत ही पुढे, आणि नजर घारीची. तिनं नवरदेवाचे पाय पाहिले, कपाळ पाहिलं, मग मूठ पाहिली. "कट्यार नाही आणली? हा त चाकू हाय."

"लोखंडच हाय बाई," पुंजाजी म्हणाला.

"हाव, पण लिंबाले दोन भोकं काऊन?"

पुंजाजीच्या कानांत पाणी शिरल्यासारखं झालं. "गाडीचे हिसके बसले. हाललं असन."

"वाटेत हातातून सुटलं त नाही नं? खरं सांगा मामा. आमच्या पोरीचा सवाल हाय."

देवळात मारुतीच्या समोर, सगळ्या वऱ्हाडाच्या देखत, पुंजाजी म्हणाला, "नाही सुटलं."

अन्नपूर्णाबाईनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग लिंबावर कुंकवाचं बोट लावलं आणि नेमकं ते मोकळं भोक बुजवलं. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे.

गोरजावर लग्न लागलं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि पुंजाजी भाच्याच्या मागे उभा राहून त्याच्या पाठीला तळहात लावून होता. लोकांना वाटलं मामाची माया. पोरगं पडलं तर झेलायला तो उभा होता. प्रत्येक 'सावधान'ला त्याचं अंग शहारत होतं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पोरगं उभंच होतं. दुसऱ्या दिवशी पंगतीत ते चार बुंदीचे लाडू खाऊन आणखी मागत होतं. पुंजाजीच्या घशाखाली मात्र घास उतरेना. महादेवराव स्वतः आग्रहाला आले, "मामा, काही चुकलं काय आमचं?" पुंजाजीनं लाडू तोंडात घातला आणि पाण्याबरोबर ढकलला. हळद अजून उतरली नव्हती. परतीची सगळी वाट बाकी होती, पैनगंगा बाकी होती. आणि लिंबाचा रस पात्यावर खुशाल उतरत होता. पुंजाजी त्याच्याकडे बघत होता, आणि त्याला पुसायची इच्छासुद्धा होत नव्हती. इच्छा झाली नाही म्हणून त्याला आणखीच भीती वाटली.

गाड्या सुखरूप डोणगावात आल्या. नवरी घरात घेतली, दुसऱ्या सकाळी दोघांची हळद उतरवली. शालिग्रामनं मूठ उघडली आणि चाकू मामापुढे भुईवर ठेवला. पातं काळं झालं होतं, टोकाजवळ खरबरीत. पुंजाजीनं तो उचलला, लिंबू काढलं, आणि चाकू उघडाच घेऊन तो मागच्या दारी गेला.

मनकर्णाबाई परसात मांडवाची उष्टी भांडी राखेनं घासत होती. भावाला पाहून तिनं पाट सरकवला. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगून टाकलं. पैनगंगा, ओघळ, तेल, टक्. देवळातलं खोटं. आणि जे सांगायलाच तो आला होता ते शेवटी, खाली पाहत. "पोरगं माह्या मांडीवर ओकून राह्यलं होतं, मनकर्णे. मी देवीले नारळ बोललो, साडीचोळी बोललो. चाकू नाही बोलवला माह्यानं. तुह्या पोरापरीस मले हे लोखंड जड झालं. आता तू मले दारात उभं नाही केलं तरी चालन."

मनकर्णाबाईनं हातातलं पातेलं उपडं घातलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच पुंजाजीला सोसवेना. तिनं हात धुतले आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "शालिग्राम, तुहा करदोडा दाखव मामाले."

शालिग्राम आला. त्यानं सदरा वर केला. करदोड्याला मागच्या बाजूनं, कमरेच्या खाचेत, चिंधीत घट्ट शिवलेलं काहीतरी होतं. मनकर्णाबाईनं दातानं टाका तोडला. आतून घोड्याच्या नालेचा एक मोडका खिळा तिच्या तळहातावर पडला.

"हळदीच्या आधीच बांधला," ती म्हणाली. "तुले चाकूवर लिंबाचा रस पाह्यवणार नाही, अन् पुसल्यावर तुह्या हातानं तो मिटल्याशिवाय राहणार नाही, हे मले ठाऊक नव्हतं काय? लहानपणापासून पाहून राह्यली तुले."

पुंजाजी मटकन पाटावर बसला. डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यातच कुठंतरी त्याला फार लागलंही. बहिणीनं त्याच्यावर भरवसा टाकला असं तो समजत होता. ती तर त्याच्या चुकीची सोय करून बसली होती.

"मंग माहा चाकू मागतलाच काऊन?" तो म्हणाला. "खिळा पुरला असता पोराले."

"खिळ्यानं बाहेरचं राखलं. पण पोराले वाटेत पाणी कोण पाजन, मांडीवर कोण घेईन, पडलं त कोण धरन? पाटलाची कट्यार असती त तू मेहकरले सगळ्यांसंग घोरत पडला असता. तुहा चाकू पोराच्या हाती होता, म्हणून तुहा डोळा त्याच्या हातावरून हालला नाही."

शालिग्राम दोघांकडे पाहत उभा होता. घरातून नव्या सुनेच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"हे सारं मले वाटेतच माहीत असतं त," पुंजाजी शेवटी म्हणाला, "माहा जीव इतका त जळला नसता. चार दिवस अन्न गेलं नाही माह्या पोटात. निघताना काऊन नाही सांगतलं मले?"

मनकर्णाबाईनं पातेलं पुन्हा हातात घेतलं आणि राखेचा बोळा फिरवायला लागली.

"सांगतलं असतं," ती म्हणाली, "त तू झोपला असता."